काढता येणारा दिवा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मध्ये कुणी कुणी मेलवर विचारलं, "बाई, आहात ना?" आहे, आहे. एप्रिलपासून लेकीकडे आलेय, अमेरिकेत, ओहायो राज्यात, डेटन शहराच्या जवळ. (राइट बंधूंचं गाव. त्यांचं सायकलचं दुकान पाहून आले, त्यावर वेगळं लिहीन.) इथे येऊन मी काय केलं म्हणून विचाराल, तर एका जुन्या गाडीच्या टपावरचा दिवा दुरुस्त केला. म्हणजे केला समोरच्या आजोबांनी, मी आपली हाताखाली होते. हसू नका. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्क्रू ड्रायव्हर धरता आला याचं मला स्वतःलाच कौतुक आहे.

समोरच्या घरात एक आजोबा एकटे राहतात. वय सत्त्याहत्तर. त्यांच्या गॅरेजचं दार वर केलं की आत एक राखाडी, लांबच लांब गाडी दिसते. वीस-एकवीस फूट असेल. मागे शेपटीसारखे पंख. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझा नातू ओरडलाच, "आजी, घोस्टबस्टर्स!" तो १९८४ सालचा भुताखेतांचा विनोदी सिनेमा, त्यातली गाडी म्हणे अशीच होती, १९५९ची कॅडिलॅक. आजोबांची १९६३ची. पण दोन्ही बांधल्या एकाच कारखान्याने, मिलर-मिटिअर, गाव पिक्वा. हे पिक्वा इथून उत्तरेला मोटारीने पाऊणएक तासावर. कॅडिलॅक कंपनी नुसता लांब सांगाडा नि इंजिन विकायची आणि वरची कोठी असले कारखाने बांधायचे. सिनसिनाटीला एक, पिक्वाला एक, लायमाला एक, सगळे आज एकाच ७५ नंबरच्या हमरस्त्याने जोडलेले. आपल्याकडे कसं, अमुक गावचे पेढे, तमुक गावच्या घोंगड्या, तशी ही गावं या गाड्यांची.

आता ही गाडी कसली, तर ती रुग्णवाहिकाही आणि शववाहिनीही. दोन्ही एकच! मला आधी वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. (माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, आणि इथले लोक शब्द अर्धे गिळतात.) नातवाला मध्ये घालून पुन्हा विचारलं, तर तेच उत्तर. सकाळी कुणाचा अंत्यविधी, दुपारी कुणी जिन्यावरून पडलं तर त्याला दवाखान्यात न्यायचं, गाडी तीच. 'कॉम्बिनेशन' म्हणत तिला.

मला ते फार विचित्र वाटलं, तुम्हालाही वाटेल. पण आजोबांचं म्हणणं ऐकलं तर त्यात साधा व्यवहार होता. लहान गावात माणूस आडवा झोपवून नेता येईल अशी गाडी असायची फक्त अंत्यविधी करणाऱ्यांकडे. त्यांचा फोन रात्रंदिवस कुणीतरी उचलायचं, कारण मरण काही वेळ पाहून येत नाही. स्ट्रेचर उचलायला दोन माणसंही तिथे असायची. मग अपघात झाला की लोक त्यांनाच बोलवायचे. १९६६ साली इथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला, त्यात म्हटलंय की देशातली जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा असे १२,००० व्यावसायिक चालवतात. निम्मी! आपल्याकडे मयताला चार खांदे लागतात आणि ते शेजारीपाजारी देतात. तिरडी बांधणारा कुणी एक जाणता गल्लीत असतो. त्याची कंपनी, त्याची गाडी, त्याचा फोन नंबर अशी कल्पना आपल्याला करवत नाही. माझ्या आजोबांच्या (समोरच्या, माझ्या स्वतःच्या नव्हे!) वडिलांचा तोच व्यवसाय होता. ही गाडी त्यांचीच. मध्यंतरी विकली गेली होती, आजोबांनी निवृत्त झाल्यावर शोधून परत घेतली.

गाडीचा वेश कसा बदलायचा ते त्यांनी मला सगळं करून दाखवलं. मागच्या कोठीत जमिनीला रूळ बसवलेत, त्यावरून शवपेटी सरकते. ते रूळ उलटे केले की खाली सपाट जमीन, म्हणजे स्ट्रेचर ठेवायला जागा. बाजूला घडीची खुर्ची आहे, रुग्णाजवळ बसणाऱ्यासाठी. खिडक्यांना पडदे लावायचे किंवा काढायचे. मागच्या काचेवर चकचकीत वळणदार पट्ट्या असतात, शववाहिनीची खूण, त्याही काढता-घालता येतात. आणि टपावर, पुढच्या काचेच्या जरा मागे, तो लाल फिरता दिवा.

हा दिवा मुद्दाम काढता येईल असाच बसवलेला. टपाला एक भोक, त्यात विजेचं सॉकेट, भोवती बैठक. दिव्याच्या बुडाला प्लग. चार स्क्रू आवळले की रुग्णवाहिका. चार स्क्रू काढून दिवा उचलला, भोकावर गाडीच्याच रंगाचं गोल झाकण बसवलं, की शववाहिनी. झाकणाखाली रबराची रिंग, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. अगदी कुकरच्या रिंगेसारखी, आणि कुकरच्या रिंगेसारखीच कडक होऊन चिरलेली.

हा दिवा कित्येक वर्षं फिरलाच नव्हता. गाडीचं बाकी सगळं त्यांनी केलं होतं, रंग, इंजिन, गाद्या. दिवा मात्र एका जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलेला. मी एकदा विचारलं, हा का नाही करत? तर म्हणाले, बोटं थरथरतात, बारीक काम होत नाही. मला ते तेव्हा खरंच वाटलं. मी म्हटलं, माझी नाही थरथरत. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात आहे.

असा आमचा कारखाना सुरू झाला. रोज सकाळी लेक-जावई कामावर गेले की मी समोर. शाळेला सुट्टी लागल्यावर नातूही यायला लागला, दुभाषा म्हणून.

दिवा फेडरल कंपनीचा, नाव 'बीकन रे'. बाहेर लाल घुमट. आत एका फिरत्या तबकडीवर चार दिवे चार दिशांना तोंड करून. हे दिवे साधे बल्ब नव्हेत, काच, आरसा आणि तार असं सगळं एकत्र सीलबंद असतं, ट्रॅक्टरला पुढे असतात तसे. बुडाशी लहान मोटर, ती दातेरी चक्राने तबकडी फिरवते. आता प्रश्न असा, की तबकडी गरगर फिरतेय, मग दिव्यांना वीज पोचणार कशी? तारा पीळ पडून तुटतील की! त्यासाठी मध्यावर पितळी कडं असतं आणि त्याला घासत राहणारा कार्बनचा तुकडा. कडं फिरतं, कार्बन जागच्या जागी, वीज चालू राहते. हे मला एका क्षणात कळलं, कारण आमच्या मिक्सरचे कार्बन मी तीनदा बदलून आणलेत. आजोबांना मिक्सरचं उदाहरण दिलं तर ते खूश झाले.

उघडून पाहिलं तर मोटरमधलं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं. ते त्यांनी रॉकेलसारख्या एका द्रावणात भिजत घातलं आणि मी जुन्या टूथब्रशाने दोन दिवस खरवडत बसले. दिवे चारातले दोन गेलेले. १२ व्होल्टचे, अजून मिळतात, ते आले. कार्बन घासून नखाएवढे उरलेले. मोटरीचे नवे घेऊन पॉलिश पेपरवर घासून मापाचे केले. आणि ते पितळी कडं हिरवंगार पडलेलं. आजोबा बाजारातली कसलीशी पेस्ट आणायला निघाले होते, मी म्हटलं थांबा. घरी जाऊन चिंच भिजवली. इथल्या भारतीय दुकानात मिळते. देवाची निरांजनं घासतो तशी चिंच लावून कडं घासलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं (आंबटपणा राहिला तर पुन्हा कळकतं), कोरडं पुसलं. सोन्यासारखं झालं. ते हातात धरून आजोबा बराच वेळ बघत होते आणि मी फार भाव खाऊन घेतला.

घुमटाचं काम सगळ्यात कंटाळवाणं. उन्हाने त्यावर पांढुरकी साय आलेली. आधी जरा जाड पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश लावून मऊ फडक्याने. एका दिशेने घासायचं, पुढचा पेपर घेतला की आडव्या दिशेने, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. चार सकाळी गेल्या. हळूहळू आतला लाल रंग वर यायला लागला, डाळिंबासारखा.

घुमटाच्या कडेला एक टवका उडालेला होता, साधारण बोटाच्या पेराएवढा. मी म्हटलं, नवा घुमट मिळत असेल ना? मिळतो, म्हणाले. मग? तर म्हणाले, हाच राहू दे. पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पोराच्या वहीत खाडाखोड दिसली तरी काही वेळा बाई विचारत नाहीत, तसं.

टवक्याची गोष्ट जुलैमध्ये कळली, बाहेर धो धो पाऊस होता त्या दिवशी. आपण होऊन सांगायला लागले.

१९६५चा ऑक्टोबर. आजोबा सोळा वर्षांचे. गाडीचा वेश बदलायचं काम त्यांचं, त्यातही दिवा खास त्यांचा. एका शनिवारी रात्री गाडी दुसऱ्या सकाळच्या अंत्यविधीसाठी तयार करून ठेवलेली, रूळ वर, पडदे लावलेले, दिवा काढून झाकण बसवलेलं, धुऊनपुसून लख्ख. साडेअकराला फोन आला. हमरस्त्यावर ट्रक आणि मोटारीची टक्कर. वडील आणि एक मदतनीस रूळ उलटे करायला धावले, हे स्टुलावर चढले दिवा बसवायला. घाई, हात ओले. दिवा निसटला आणि खाली फरशीवर. कडेचा टवका उडाला, आतली तार तुटली. वडील म्हणाले, असू दे, चल बाजूला हो. आणि दिव्याशिवायच गाडी गेली, नुसती हॉर्न वाजवत. परत आली रात्री दोनला. एकोणीस वर्षांचा मुलगा होता, वाटेत गेला.

दुसऱ्या सकाळी त्याच गाडीने ठरलेला अंत्यविधी पार पडला. आणि तीन दिवसांनी तो मुलगाही त्याच गाडीतून दफनाला गेला. गाव लहान, दुसरं कोण होतं? त्या दिवशी दिवा काढायची गरज नव्हती, म्हणाले, नव्हताच ना.

नातू सांगता सांगता थांबला. मी त्याला म्हटलं, बाळा, पुरे आता, घरी जा हवं तर. तो गेला नाही.

वडील नंतर अनेकदा म्हणाले म्हणे, की रस्ता मोकळा होता, दिवा असता तरी दोन मिनिटंसुद्धा वाचली नसती. ते खरंही असेल. आजोबांनी पुढे तो १९६६चा अहवाल मिळवून वाचला. त्यांच्या मनात राहिलं ते दिव्याचं नाही. मागे रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला काय येतं, यावरही त्यात भर होता. त्या रात्री मागे बसलेला मदतनीस एरवी गाड्या धुवायचा आणि फुलांच्या परड्या उचलायचा. रक्त कसं थांबवायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. गाडीत ऑक्सिजनची टाकी होती, पट्ट्या होत्या आणि वेग होता. बस्स.

लोक त्यावरून टोमणे मारायचे ते वेगळंच. वाटेत माणूस गेला तर ह्यांना दुप्पट कमाई, वगैरे. आजोबांना ते अजून लागतं. खरं सांगते, ही दुहेरी गाडी पहिल्यांदा समजली तेव्हा माझ्याही मनात तेच आलं होतं, मी फक्त बोलले नव्हते. ते म्हणाले, रुग्णवाहिकेत वडिलांना नेहमी खोटच यायची, कित्येकांनी बिलं भरली नाहीत आणि त्यांनी मागितली नाहीत. ज्याला आज दवाखान्यात नेलं तो बरा झाला तर पंचवीस वर्षांनी का होईना, आपल्याकडेच येईल, एवढा लांबचा हिशोब मात्र होता, आणि हे सांगून हसले.

पुढे सगळं बदललं. १९६७ साली पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाऊस नावाची सेवा निघाली. वस्तीतल्या बेकार कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर सफार यांच्या देखरेखीखाली ३०० तासांचं शिक्षण दिलं आणि त्यांनी रस्त्यावर माणसं वाचवून दाखवली. हे सफार म्हणजे तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं यांची सांगड घालून जगाला शिकवणाऱ्यांपैकी एक. १९७४ साली सरकारने रुग्णवाहिका कशी असावी याचे नियम काढले. आत उपचार करता येतील एवढी जागा हवी, उंची हवी. या बसक्या टपाच्या गाड्या त्यात कुठून बसणार? आजोबांच्या वडिलांनी पुढच्याच वर्षी सेवा बंद केली. त्यांना वाईट वाटलं का, मी विचारलं. तर म्हणाले, त्या रात्री वडील पहिल्यांदा फोन उशाशी न घेता झोपले.

आता जे लिहिणार आहे ते घरच्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नाही. लेकीला मी त्याच रात्री सांगितलं, कारण नातवाने ऐकलं होतं आणि त्याच्याकडून तिला कळणं बरं नव्हतं. भाऊजी, वन्सं, तुम्हाला हे इथे वाचूनच कळतंय, माफ करा. समोरासमोर मला सांगता आलं नसतं.

ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. २००८चा जून. रात्री दोनला छातीत दुखायला लागलं. तालुक्याच्या दवाखान्याला फोन केला, गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. बाहेर पाऊस. लहान व्हॅन, टपावर दिवा मात्र झोकात फिरत होता, समोरच्या वाड्याच्या भिंतीवर प्रकाश गोल गोल जात होता ते अजून दिसतं. आत एक स्ट्रेचर, एक स्टेपनी आणि ऑक्सिजनची टाकी. टाकी उघडायची चावी गाडीत नव्हती. डॉक्टर नाही, नर्स नाही, एक ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी एक पोरगा. मी मागे ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. अठरा किलोमीटर जायचं होतं.

तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं होतं की दवाखान्यात पोचल्यावर गेले, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तसं झालं नाही. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे गेले. मला कळलंसुद्धा नाही. त्या पोराने मागे वळून पाहिलं, ड्रायव्हरच्या कानात काहीतरी बोलला. ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि हात वर करून एक बटण दाबलं. बाहेर झाडांवरून जाणारा प्रकाश थांबला. मी विचारलं, "दिवा का बंद केलात?"

तर तो म्हणाला, "मावशी, आता घाई नाही."

इतकंच. त्याचा आवाज वाईट नव्हता. पण मी त्या माणसावर इतकी वर्षं जी चिडून आहे ती त्या एका वाक्यावर. चावीवर नाही, चाळीस मिनिटांवर नाही. रागाला काही न्याय नसतो हे मला कळतं.

(सहा वर्षांनी, २०१४ साली, आपल्याकडे १०८ नंबरची सेवा आली, ९३७ गाड्या, प्रत्येकीत डॉक्टर. ज्या दिवशी पेपरात वाचलं त्या दिवशी मी जेवले नव्हते, सुनेला सांगितलं पित्त झालंय.)

हे सगळं मी त्या पावसात आजोबांना सांगितलं, मराठीत, आणि तेरा वर्षांच्या पोराने त्याचं इंग्रजी केलं. "आता घाई नाही" इथे त्याला शब्द सापडेना. माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने सांगितलं, आणि नीट सांगितलं असणार, कारण आजोबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

मी त्यांना विचारलं, तुमचे वडील काय करायचे? वाटेत माणूस गेला तर?

म्हणाले, वडिलांचा नियम होता, दवाखान्याच्या दारापर्यंत दिवा चालू ठेवायचा. माणूस गेला हे सांगायचं काम डॉक्टरचं, आपलं नाही. आणि मागे कुणाची तरी आई नाहीतर बायको बसलेली असते.

मला भरून आलं. म्हटलं, असा नियम आमच्याकडे कुणी केला असता तर! पण ते तिथेच थांबले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, खरं सांगू का टीचर, दिवा चालू राहायचा, पण वडिलांचा पाय पेडलवरून आपोआप हलका व्हायचा. मी पुढे शेजारी बसलेला असायचो, मला लगेच कळायचं. मागच्यांनाही कळत असेल.

तेव्हापासून मी त्यावर विचार करतेय. फिरता दिवा आणि मंद गाडी, की बंद दिवा आणि खरं बोलणारा ड्रायव्हर? ह्यांना विचारलं असतं तर ते दुसऱ्याची बाजू घेते, ते तसे सरळ होते. मी अजूनही पहिल्याचीच घेते.

या दिव्याचं एक बरं आहे, बाकी दिव्यांसारखा तो नुसता मिरवायचा नव्हता. आपल्याकडे 'लाल दिव्याची गाडी' म्हटलं की काय डोळ्यापुढे येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. साहेबांच्या टपावरचा तो दिवा काढायला २०१७चा मे महिना उजाडावा लागला आणि त्याला सरकारचा निर्णय लागला. इथे सोळा वर्षांचं पोरगं स्टुलावर चढून आठवड्यातून दोन-चारदा दिवा काढत होतं आणि लावत होतं. काढताना कोण गेलंय हे त्याला नावानिशी माहीत असायचं. असो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं जुळवलं. खाजगी जुन्या गाडीने लाल दिवा लावून रस्त्यावर फिरायला इथे परवानगी नाही, म्हणून घरासमोरच्या उतारावर गाडी काढली. नवी रबराची रिंग, नवे वायसर, प्लग सॉकेटात. स्क्रू नातवाने आवळले, आलटून पालटून समोरासमोरचे, म्हणजे बैठक वाकडी बसत नाही. आजोबांचे हात तेव्हा अजिबात थरथरत नव्हते हे मी पाहिलं, बोलले नाही.

बटण दाबायला त्यांनी मला सांगितलं. आधी नुसती घूं अशी मोटरीची कुरकुर. मग तबकडी जड जड वळली, चिकटल्यासारखी, आणि एकदम सुटली. संध्याकाळ होती, पुरता अंधार नव्हता, तरी समोरच्या घरांवरून, आमच्या दारावरून, मेपलच्या झाडांवरून लाल प्रकाश जायला लागला. शेजारचे लोक बाहेर आले. कुणीतरी घोस्टबस्टर्सचं गाणं म्हटलं, इथे ते कुणीतरी म्हणतंच. टवक्याच्या जागेवरून दर फेरीला एक पांढरी तिरीप निसटत होती.

लेक तेवढ्यात कामावरून आली. गाडी लावून तिथेच रस्त्याच्या कडेला पर्स खांद्याला घेऊन उभी राहिली. आजोबा म्हणाले, पहिल्यांदाच चालवतोय, मोटर तापेल, बंद करूया. लेक त्यांना म्हणाली, थोडा वेळ राहू द्याल का?

त्यांनी राहू दिला. किती वेळ ते मी मोजलं नाही.

मग बंद केला. घुमट गरम होता, तो निवेपर्यंत आम्ही पायरीवर बसलो, मी सगळ्यांना चहा केला. अंधार पडल्यावर नातवाने चार स्क्रू काढून आजोबांच्या तळहातावर ठेवले. आजोबांनी दिवा दोन्ही हातांनी उचलला, त्याच जुन्या टॉवेलात गुंडाळला. झाकण मी बसवलं. रिंग सगळीकडे नीट टेकलीय ना, म्हणून कडेने एकदा बोट फिरवून पाहिलं. रात्री पाऊस येणार होता.